दर पावसाळ्यात सोलणारा लाकडी ओटा : उघड्यावरच्या फळ्यांना कोणते फिनिश द्यावे

दिवाळीच्या सुमारास नव्याने पॉलिश केलेला अंगणातला लाकडी ओटा होळीपर्यंत चकाकत राहतो, मे महिन्यात त्यावर बारीक भेगा दिसू लागतात, मृगाच्या सरी आल्या की त्या भेगांतून पाणी आत शिरते आणि पोळ्यापर्यंत अर्धा थर पापुद्र्यांनी सुटलेला असतो. ताडोबा, पेंच आणि मेळघाटच्या भोवतालची पर्यटन निवासे असोत किंवा शेतावर हौसेने बांधलेले घर असो, तक्रार हीच असते आणि तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो. सुटलेले पापुद्रे खरवडले जातात, मागच्यापेक्षा महाग वॉर्निश आणले जाते, दोनाऐवजी तीन हात मारले जातात, आणि पुढच्या पोळ्याला ओटा पुन्हा तसाच दिसतो.

हा दोष बहुतेक वेळा वॉर्निशच्या दर्जाचा नसतो आणि रंगाऱ्याच्या हाताचाही नसतो. उन्हापावसात आडव्या पडलेल्या आणि रोज पायाखाली येणाऱ्या लाकडावर पारदर्शक, चकाकता थर बसवायचा ही निवडच या हवेला मानवत नाही. त्यामुळे अधिक चांगला थर शोधण्यापेक्षा थर न धरणारे, लाकडात मुरणारे आणि थोडा रंग असलेले तेल निवडणे हा माझ्या मते या समस्येवरचा टिकाऊ उपाय आहे. मात्र जुना थर नेमका कशामुळे सुटला हे आधी पाहिले पाहिजे, कारण काही ठिकाणी दोष फळ्यांच्या वर नसून खाली असतो, आणि तिथे कोणतेही तेल उपयोगी पडत नाही.

थर का सुटतो

लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवण्याचे काम लिग्निन हा घटक करतो, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी पृष्ठभागाजवळचे लिग्निन काही आठवड्यांतच विघटित होऊ लागते. पारदर्शक वॉर्निशमधून हे किरण बऱ्याच अंशी आरपार जातात, म्हणून वरचा थर शाबूत दिसत असतानाही त्याच्या खालचे लाकूड भुसभुशीत होत असते. शेवटी थर सुटतो तेव्हा तो लाकडावरून निसटलेला नसतो. तो ज्या लाकडाला चिकटलेला होता, तेच मुळापासून सुटलेले असते. सुटलेला पापुद्रा उलटा करून उन्हात धरला आणि त्याच्या पाठीला राखाडी, केसाळ तंतू चिकटलेले दिसले, तर कारण ऊन आहे असे समजावे. रंगद्रव्याचे कण हे किरण अडवतात, त्यामुळे किंचित तपकिरी छटा असलेले फिनिश बिनरंगी फिनिशपेक्षा साधारणपणे जास्त टिकते.

दुसरे कारण लाकडाच्या फुगण्या-आकसण्याचे आहे, आणि विदर्भात ते विशेष तीव्र आहे. भारतीय मानक आयएस २८७ मध्ये लाकडातील अनुज्ञेय ओलाव्यासाठी हवेच्या वार्षिक सरासरी आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग पाडलेले आहेत. दारे-खिडक्यांसाठी हा हिशेब उपयोगी असला, तरी उघड्यावरच्या ओट्याची अडचण सरासरीत दिसत नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की उघड्या फळीतील ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. तीच फळी श्रावणात सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत चढते, आणि पाणी साचले तर त्याहूनही वर. सागवान हे कमी हलणारे लाकूड मानले जाते, तरीही ज्या फळीच्या तोंडावर वर्षवलयांच्या कमानी आडव्या दिसतात अशी १४० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकात सुमारे ३ मिलिमीटर रुंदावते. उन्हाने कडक झालेला वॉर्निशचा थर इतका ताणला जात नाही. तो आधी स्क्रूजवळ, सांध्यावर आणि फळीच्या टोकाला तडकतो, आणि एकदा पाणी खाली शिरले की थराचे काम उलटे होते, कारण आत गेलेले पाणी बाहेर पडण्याची वाटच तो अडवून धरतो.

आधी निदान

पावसाळ्यातच फोड येत असतील, फोड फोडल्यावर आत ओल आणि काळपट लाकूड दिसत असेल, तर पाणी खालून येत आहे. आपल्याकडे जुन्या सिमेंटच्या ओट्यावर सरळ लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर फळ्या बसवण्याची पद्धत आहे. खाली हवा खेळायला जागा नसते, सिमेंटवर साचलेले पाणी आठवडाभर वाळत नाही, आणि फळीची खालची बाजू कच्ची ठेवलेली असते. अशा ठिकाणी खालच्या सिमेंटला बाहेरच्या बाजूने उतार देणे, पट्ट्या गिट्ट्यांवर उचलून घेणे आणि दोन फळ्यांमध्ये पाच ते सहा मिलिमीटर फट ठेवणे ही कामे फिनिशच्या आधीची आहेत. उन्हाळ्यात फळ्या बसवताना तर फट मोकळ्या हाताने ठेवावी, कारण तेव्हा त्या सर्वांत अरुंद असतात; मे महिन्यात चापून बसवलेल्या फळ्या ऑगस्टमध्ये एकमेकींना रेटून वर उचलल्या जातात.

थर मोठ्या सलग तुकड्यांत निघत असेल आणि खाली लाकूड स्वच्छ, नवे दिसत असेल, तर थराची पकडच बसलेली नव्हती. रंधा मारलेल्या गुळगुळीत फळीवर घासकाम न करता पॉलिश केले, लाकूड ओले होते किंवा पृष्ठभागावर धूळ होती, अशी कारणे त्यामागे असतात. सागवानात आणखी एक अडचण आहे. त्याच्या अंगचे तेल, ज्यामुळे ते टिकते, तेच वॉर्निशला नीट वाळू देत नाही. म्हणून सागवानी फळी घासल्यानंतर, फिनिश लावण्याच्या अगदी आधी, थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावी लागते.

ओटा चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसून काळी पुटे चढतात, ही तक्रार खेड्यांत अधिक ऐकू येते, आणि तिच्यामागे बहुधा दोनांपैकी एक गोष्ट असते. पहिली म्हणजे तेलघाण्यावरचे कच्चे जवसाचे तेल. जवस आपल्याच शेतातले असल्यामुळे ते वापरण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस, कधी आठवडे घेते, आणि दमट हवेत ते बुरशीचे खाद्य ठरते. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या डबल बॉइल्ड जवस तेलात वाळण्याचा वेग वाढवणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ते लवकर सुकते. पण त्यातही रंगद्रव्य किंवा बुरशीनाशक नसते, म्हणून गोंदिया-गडचिरोलीसारख्या जास्त पावसाच्या भागात ते एकट्याने वापरू नये. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनचे जळके ऑइल. बंडीला (बैलगाडीला), कुंपणाच्या खांबांना वाळवीपासून वाचवण्यासाठी ते लावण्याची रीत आहे, पण ज्यावर माणसे अनवाणी बसतात-चालतात त्या फळ्यांवर ते मुळीच नको. ते पूर्ण वाळत नाही, कपड्यांना लागते, पावसाबरोबर मातीत उतरते, आणि एकदा मुरल्यावर त्या लाकडावर पुढे दुसरे कोणतेही फिनिश धरत नाही. असे ऑइल प्यायलेल्या फळ्या बदलणेच शेवटी स्वस्त पडते.

काळ्या डागांचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. स्क्रू किंवा खिळ्याभोवती निळसर-काळा डाग असेल, तर लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने तो आलेला असतो; ऐन आणि बाभूळ या लाकडांत तो ठळक दिसतो. पसरट, ठिपक्याठिपक्यांचा काळेपणा मात्र बुरशीचा असतो. कोपऱ्यातल्या एका डागावर, विहिरीत टाकतो त्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब सोडावा. काही मिनिटांत डाग फिकट झाला तर बुरशी, न झाला तर लोखंड किंवा मळ. लोखंडाचा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने जातो. एक लिटर कोमट पाण्यात साधारण ६० ते ८० ग्रॅम घेऊन ब्रशने लावावे, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवावे. हे ॲसिड विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि चष्मा वापरावा, आणि कोंबड्या-जनावरे पितात त्या पाण्यात धुवण वाहून जाऊ देऊ नये. ब्लीचिंगचे पाणी आणि ऑक्झॅलिक ॲसिड एकाच जागी कधीही एकत्र येऊ देऊ नये, कारण त्यांतून क्लोरीन वायू सुटतो. थेंबाची परीक्षा घेतलेली जागा आधी चांगली धुऊन घ्यावी. डाग काढल्यावर स्क्रू तसेच ठेवले तर ते पुढच्या वर्षी परत येतात, म्हणून ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे स्क्रू बसवावेत.

खाचा असलेली फळी की सपाट

ओटा निसरडा होतो म्हणून लांबीच्या दिशेने खाचा पाडलेल्या फळ्या घ्याव्यात, असे दुकानदार सांगतात. दिसायला त्या बऱ्या असल्या, तरी आपल्या हवेत मी त्यांची शिफारस करणार नाही. निसरडेपणा येतो तो फळीवर वाढलेल्या शेवाळामुळे, आणि खाचांमध्ये माती, पाने आणि पाणी अडकून शेवाळाला हवी तशी जागा मिळते. शिवाय खाचा पायाला अडवतात त्या आडवे चालताना; खाचांच्या दिशेने चालणाऱ्याला त्यांचा फारसा आधार नसतो. तेल लावण्याच्या दृष्टीनेही त्या गैरसोयीच्या आहेत, कारण खाचांत साचलेले जादा तेल पुसता येत नाही आणि तिथे चिकट रेघ तयार होते. अशा फळ्या आधीच बसवलेल्या असतील आणि मागची बाजू चांगली असेल, तर त्या उलटून सपाट बाजू वर घेता येते. सपाट फळी ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने घासून किंचित खरबरीत ठेवली, की पायाला पकडही मिळते आणि तेलही मुरते. फर्निचरची सवय असलेला वाढई हौसेने १८० किंवा २२० नंबरपर्यंत घासतो. घरातल्या टेबलाला ते शोभते, पण ओट्यावर त्यामुळे लाकडाची छिद्रे मिटतात, तेल वरच राहते आणि पाय घसरतो.

कोणते फिनिश कुठे

पडवीच्या आत, छपराखाली, जिथे सरळ ऊन आणि पाऊस येत नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा बाहेरच्या वापराचे वॉर्निश चालते, विशेषतः खांबांना आणि कठड्याला. मेलामाइन आणि लाखेचे पॉलिश घरातच ठेवावे. लाखेवर पाण्याचे पांढरे डाग पडतात. ऑइल पेंट ऊन चांगले अडवतो, पण पायाखाली तो घासला जातो आणि कडांवरून सुटू लागतो. उघड्या ओट्यासाठी उरते ते रंगद्रव्य आणि बुरशीनाशक असलेले मुरणारे डेक ऑइल. ते तालुक्याच्या दुकानात नसेल तर नागपूर-अमरावतीहून मागवावे लागते, आणि मागवताना डब्यावर बाहेरच्या आडव्या फळ्यांसाठी असा स्पष्ट उल्लेख आहे ना, ते पाहून घ्यावे, कारण फर्निचरचे तेलही जवळजवळ तशाच डब्यात येते.

या तेलाचा मोठा गुण असा की ते सोलत नाही. ते हळूहळू विरते. शेणाने सारवलेली ओसरी जशी खरवडून न काढता वरून पुन्हा सारवता येते, तसे विरलेल्या तेलावर धुऊन-वाळवून नवा हात देता येतो. दरवर्षी हात द्यावा लागतो हे खरे, पण तो एका सकाळीचा उद्योग असतो, तर सोललेले वॉर्निश काढणे हे आठवड्याचे काम होते. चकाकी मात्र मिळत नाही. पाहुण्यांच्या फोटोत ओटा आरशासारखा दिसावा असा आग्रह असेल, तर दरवर्षीचे खरवडणे ही त्याची किंमत आहे, हे मालकाने आधीच स्वीकारावे.

रंग निवडताना गडद छटेचा मोह टाळावा. गडद छटा अतिनील किरण अधिक अडवते, परंतु मे महिन्याच्या दुपारी अशा फळीवर अनवाणी पाय ठेववत नाही. मध्यम तपकिरी किंवा मधासारखी छटा हा आपल्याकडे योग्य मध्यबिंदू आहे. गडद रंगाच्या प्लास्टिक-मिश्रित फळ्यांचीही हीच अडचण आहे. त्यांना पॉलिश लागत नाही, पण त्या तापतात भरपूर.

आलापल्ली-बल्लारशाहच्या सागवानाची कीर्ती आहे, आणि ती त्याच्या गाभ्याच्या लाकडाला आहे. सालीलगतचा पिवळट-पांढरा भाग सागवानाचा असला तरी वाळवीला आणि कुजण्याला बळी पडतो, म्हणून ओट्यासाठी फळ्या निवडताना तो टाळावा. गाभ्याची सागवानी फळी काहीही न लावता उघडी सोडली तरी चालते. ती काही महिन्यांत रुपेरी-राखाडी होते, वरवर थोडी खरबरीत होते, पण आतून वर्षानुवर्षे शाबूत राहते. वर्षातून एकदा ब्रशने धुणे एवढीच तिची निगा. ज्यांना राखाडी रंग खुपत नाही त्यांना मी हाच मार्ग सुचवेन. ही सवलत निलगिरी, बाभूळ किंवा पाइनला नाही. ऐन, ज्याला आपल्याकडे येन म्हणतात, जड आणि मजबूत असले तरी उन्हात तडकते आणि तेल कमी पिते, म्हणून त्याला पातळ हात द्यावा आणि जादा तेल कसून पुसावे. निलगिरी फार आकसते, तिच्या टोकांना भेगा जातात. पाइन भरपूर तेल पिते. बाहेरगावाहून येणारे पाइन बहुधा रसायन भरलेले असते, ते कुजण्यापासून वाचवते, उन्हापासून नाही, आणि त्याचे तुकडे चुलीत जाळू नयेत. बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेले बांबू किंवा लाकूड उघड्या पावसात ठेवले तर ते क्षार हळूहळू धुऊन जातात, तेव्हा त्यांवर पाणी अडवणारे फिनिश लागतेच.

काम कसे करावे

जुना थर पूर्ण काढल्याशिवाय तेल लावण्यात अर्थ नाही, कारण जिथे थराचे बेट उरते तिथे तेल मुरत नाही आणि ओटा चितकबरा होतो. पेंट रिमूव्हर आणि खरवडणी यांनी थर काढून त्याखालचा राखाडी पृष्ठभागही घासून ताजे लाकूड उघडे करावे. गाड्या धुण्याचा जोरदार पाण्याचा फवारा जवळून मारू नये. त्याने मऊ तंतू उखडतात आणि फळीवर नाल्या पडतात.

वेळ दिवाळीनंतरची. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात फळ्या तीन-चार आठवडे वाळू द्याव्यात. दोन पिनांचे ओलावा मोजणारे मीटर मिळाल्यास आकडा पंधरा टक्क्यांच्या खाली आल्याची खात्री करावी. हिवाळ्यात दव पडते, म्हणून सकाळी ते उडून जाईपर्यंत थांबावे आणि दुपार कलण्याआधी काम आटोपावे. जवळ तूर किंवा सोयाबीनची मळणी चालू असेल तर काम पुढे ढकललेले बरे. तो भुसा ओल्या तेलावर बसला की पुन्हा घासणे आले. मे महिन्यात तापलेल्या फळीवर तेल लावले तर ते मुरण्याआधीच वर घट्ट होते आणि ब्रशच्या रेघा तशाच राहतात.

तेल डब्याच्या तळापासून ढवळावे, कारण रंगद्रव्य खाली बसते आणि पहिल्या फळ्या फिकट व शेवटच्या गडद होतात. एका वेळी दोन-तीन फळ्या पूर्ण लांबीभर घ्याव्यात, मध्येच थांबू नये. पंधरा-वीस मिनिटांनी, अथवा डब्यावर दिलेल्या वेळेनंतर, वर राहिलेले सगळे तेल कापडाने पुसून काढावे. चिकटपणाच्या निम्म्या तक्रारी हे पुसणे टाळल्याने येतात. फळीच्या कापलेल्या टोकातून पाणी सपाट बाजूपेक्षा कितीतरी वेगाने आत जाते, त्यामुळे टोकांना तेल पिणे थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा द्यावे. फळ्या नव्याने बसवायच्या असतील, तर बसवण्याआधीच चारही बाजूंना एक हात मारून घ्यावा.

तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. जवसासारखी वाळणारी तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता सोडतात, आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून कापड आपोआप पेटू शकते. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा कापूस साठवलेल्या खोलीत हा धोका किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

पुढच्या वर्षी

होळीच्या सुमारास ओट्यावर चार-पाच ठिकाणी पाण्याचे थेंब सोडून पाहावेत. थेंब गोल राहिला तर तेल काम करत आहे. दोन-तीन मिनिटांत मुरून काळा ठसा उमटला तर त्या जागेला उन्हाळ्याआधी एक पातळ हात हवा. बहुधा दक्षिण आणि पश्चिमेकडच्या फळ्या आणि पायऱ्या आधी मागणी करतात, भिंतीलगतच्या नाही. त्यामुळे सगळ्या ओट्याला सरसकट तेल देऊ नये, नाहीतर जिथे ते मुरत नाही तिथे पुन्हा चिकट थर तयार होतो. पावसाळ्यात फटींतली पाने आणि माती पातळ पट्टीने काढत राहावे, शेवाळ दिसताच कडक ब्रश आणि पाण्याने घासावे, आणि कुंड्या सरळ फळीवर न ठेवता खाली गिट्ट्या देऊन ठेवाव्यात. उरलेले तेल अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवले तर वर साय धरून वाया जाते. ते लहान डब्यात काठोकाठ भरून, झाकणावर छटेचे नाव आणि उघडल्याची तारीख लिहून, उन्हापासून दूर ठेवावे.